कृत्रिम झडप अडकल्यास उपचार कसा ठरतो

हृदयात धातूची झडप असलेल्या रुग्णाला एकाएकी धाप लागू लागली, रात्री आडवे पडणे अशक्य झाले किंवा झडपेची ओळखीची टिकटिक मंदावली, तर झडपेवर रक्ताची गुठळी जमल्याचा संशय घ्यावा आणि पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नये. गोव्यात पेडणे असो वा काणकोण, १०८ ला फोन करून रुग्णवाहिकेने बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) किंवा हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या अन्य इस्पितळात थेट जावे, आणि आयएनआरची (रक्त किती पातळ आहे हे सांगणाऱ्या चाचणीची) वही, चालू गोळ्या व झडपेचे कार्ड सोबत न्यावे. तोंड वाकडे होणे किंवा हातपाय लुळे पडणे हेही गुठळीचा तुकडा मेंदूत गेल्याचे लक्षण असू शकते.

छातीवरून आणि गरज पडल्यास अन्ननलिकेतून केलेला इको (हृदयाची सोनोग्राफी), तसेच क्ष-किरणांखाली पाहिलेली पात्यांची हालचाल, यांवरून अडथळा किती व कशाचा हे कळते. माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण ताजी गुठळी औषधाने विरघळते, पण झडपेभोवती हळूहळू वाढलेला तंतुमय थर विरघळत नाही; तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो.

गुठळी छोटी असून रक्तप्रवाहाला अडथळा नसेल, तर हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे इंजेक्शन देऊन आयएनआर योग्य पातळीवर आणणे अनेकदा पुरते. अडथळा असल्यास गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेज कमी मात्रेत, साधारण २५ मिलिग्रॅम, ६ ते २४ तासांत सावकाश शिरेतून देतात आणि इको पाहून गरजेप्रमाणे पुन्हा देतात. गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेजही वापरले जाते. मेंदूत रक्तस्राव होण्याचा किंवा गुठळीचा तुकडा सुटण्याचा धोका यात असतो, म्हणून पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. गुठळी मोठी असेल, प्रकृती फार खालावली असेल किंवा औषध देता येत नसेल, तर तातडीची शस्त्रक्रिया करून गुठळी काढतात वा झडप बदलतात. दुसऱ्यांदा छाती उघडण्याची जोखीम मोठी असली, तरी अशा वेळी थांबणे अधिक घातक ठरते. उजव्या बाजूच्या झडपेसाठी सहसा औषधालाच पसंती दिली जाते. प्राणिज ऊतींच्या झडपेवरची गुठळी, प्रकृती स्थिर असल्यास, बहुधा वॉरफॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळीने विरते.

गुठळी जमण्याचे नेहमीचे कारण म्हणजे अपुरे पडलेले रक्त पातळ करणारे औषध. दात काढायचा असला तरी ॲसिट्रोम (वॉरफॅरिनसारखीच गोळी) किंवा वॉरफॅरिन स्वतःहून बंद करू नये. श्रावणात तांबडी भाजी वा तायकिळो एकदम वाढला की आयएनआर घसरू शकतो, म्हणून पालेभाजी वर्षभर सारख्या प्रमाणात खावी. धातूच्या झडपेला डॅबिगॅट्रानसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या चालत नाहीत, हे औषध बदलून देणाऱ्या प्रत्येकाला सांगावे.