वायफाय लावलं की सेन्सर अडायचा: माझा अनुभव

डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी ईएसपी३२ वर (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) कुंडीतल्या मातीचा ओलावा मोजत होतो. सेन्सरची वायर पिन २५ ला. नुसतं मोजताना सगळं ठीक: कोरड्या मातीत आकडा २८०० च्या आसपास, पाणी घातलं की खाली (कपॅसिटिव्ह सेन्सरचं असं उलटंच असतं). पण वायफाय जोडलं की काही केल्या वाचन येईना. सेन्सर बदलला, सोल्डरिंग पुन्हा केलं, तीन रात्री गेल्या. फार जीव गुंतला होता त्या यंत्रात.

मग चिपची माहितीपुस्तिका शांतपणे वाचली. त्यात अ‍ॅनालॉग, म्हणजे सेन्सरकडून येणारं कमी-जास्त होणारं व्होल्टेज, मोजणारे दोन भाग असतात. त्यातला दुसरा भाग वायफायलाही लागतो, म्हणून वायफाय चालू असताना त्यावरून वाचन मिळत नाही. पिन २५ नेमकी त्या दुसऱ्यातली! वायर पहिल्या भागातल्या पिन ३४ वर नेली, कोडमध्ये पिनचा आकडा बदलला. मोबाईलवर लगेच ओलावा दिसू लागला.

वायफाय वापरणार असाल तर पहिल्या भागातल्या, म्हणजे ३२ ते ३९ मधल्या ज्या पिना बोर्डवर असतील, त्याच अ‍ॅनालॉग सेन्सरला वापरा.