ॲक्रेलिकने रंगवताय? आधी या चुका टाळा, नाहीतर रंग मागून सुटतो

मागच्या आषाढात मावशीचा फोन आला, "अगं, तू दिलेल्या कुंडीला देवी आल्यासारखे फोड आलेत बघ." तुळशीची मातीची कुंडी होती, त्यावर मी ॲक्रेलिकने वारली काढलेली, चार महिने छान राहिली आणि पाऊस लागल्यावर हे असं. जाऊन बघितलं, एक फोड नखाने उचलला तर अख्खा पापुद्राच निघाला, नाचणाऱ्या दोन बायका आणि अर्धं झाड त्याच्यासकट. रंग एकदम ठणठणीत, रबरासारखा ताणत होता, पण पापुद्र्याच्या मागे लाल भुकटी आणि मिठासारखी पांढरी पूड चिकटलेली. तेव्हापासून कोणी म्हणालं की रंग सुटतोय तर मी आधी हेच सांगते, रंगाला दोष देऊ नका, आणखी महागाची ट्यूब आणू नका, पापुद्रा उलटा करून त्याची मागची बाजू बघा.

ॲक्रेलिक म्हणजे पाण्यात विखुरलेले प्लॅस्टिकचे अगदी बारीक कण, पाणी उडून गेलं की ते एकमेकांना चिकटतात आणि सलग पातळ कातडं तयार होतं. त्या कातड्याला खाली धरायला काहीतरी पक्कं आणि जरा खरखरीत लागतं. खाली भुकटी असेल तर ते भुकटीलाच धरून बसतं, तेलकट असेल तर कशालाच धरत नाही, आणि मागून पाणी आलं तर फुगतं.

माझ्या कुंडीत यातल्या दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. पहिली म्हणजे गेरू. वारली म्हटलं की मागे गेरूचा लाल हवा म्हणून मी पाण्यात कालवलेला गेरू लावला आणि त्यावर ॲक्रेलिक. आता पाड्यावरच्या भिंतीवर गेरू आणि वर तांदळाचं पीठ हे बरोबरच आहे, दोन्ही कोरडे, दोन्हीतून भिंतीची ओल बाहेर जाते, पण ॲक्रेलिकचं तसं नाही. नुसत्या गेरूत धरून ठेवणारं काही नसतं, बोट फिरवलं तरी लाल होतं. तर गेरूचा रंग हवा असेल तर सरळ ॲक्रेलिकमधलाच रेड ऑक्साइड घ्या किंवा गेरू ॲक्रेलिक मीडियममध्ये, म्हणजे रंग न घातलेल्या ॲक्रेलिकमध्ये, कालवून लावा, बोटाला रंग लागला नाही की मगच पुढे जा.

दुसरी म्हणजे ओल. भाजलेली माती पाणी पिते, तुळशीला रोज घातलेलं पाणी कुंडीच्या अंगातून बाहेर येतं आणि येताना क्षार घेऊन येतं, विटेला लोणा लागतो ना, तेच. बाहेरून कितीही वॉर्निश मारा, पाणी आतून येणार असेल तर वॉर्निशसकट रंग उचलला जातो. लोक आतून वॉटरप्रूफिंग मारतात, चालतं, पण ज्या तुळशीची पानं आपण तोंडात टाकतो तिच्या मुळांशी मला ते नको वाटतं. मी आता रंगवलेली कुंडी फक्त बाहेरचं वेष्टण म्हणून ठेवते, आत बसेल अशी प्लॅस्टिकची कुंडी आणि तिच्याखाली ताटली.

आणि फोड आधीच आले असतील तर वरून रंग लावून झाकू नका. सुटलेलं सगळं खरवडा, कुंडी रिकामी करून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा, पांढरी पूड कोरड्या ब्रशनेच झाडा, धुतलीत तर ते क्षार पुन्हा आत मुरतात. मग एक प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून कुंडीवर चिकटवा आणि काही तास उन्हात ठेवा, आतल्या बाजूला दव धरलं तर अजून ओली आहे, थांबा. मावशीची कुंडी मी दसऱ्यानंतरच्या उन्हात अशीच वाळवली आणि तुळशीच्या लग्नाच्या आत पुन्हा रंगवली.

पणत्यांचंही तेच. तेल कमी प्यावं म्हणून पणत्या पाण्यात भिजवतो आणि वरून कोरड्या दिसल्या की दुपारीच रंगवायला बसतो, आत ओल असतेच. दोन दिवस तरी वाळू द्या, आणि आतून, वातीजवळ रंग नकोच.

एमडीएफच्या नेमप्लेट करणाऱ्यांची तक्रार वेगळी असते, कडा फुगतात किंवा फळी वाकते. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू चिकटवून दाबलेली फळी, वरची बाजू गुळगुळीत पण कापलेली कड स्पंजासारखी पाणी पिते. कडांना प्रायमरचे किंवा जेसोचे, म्हणजे रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात जास्तच द्या, आणि मागच्या बाजूलाही द्या, एकाच बाजूने ओलं केलं की फळी वाकणारच. पहिल्या हातानंतर बारीक तूस उभं राहतं, घाबरू नका, पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, ओल्या फडक्याने पुसा, मग दुसरा हात. पेपर मारताना नाकाला मास्क हवाच, एमडीएफची धूळ खरंच वाईट. आणि घाई करू नका, जेसो वरून अर्ध्या तासात वाळल्यासारखा वाटतो पण पावसाळ्यात मी एक रात्र तरी ठेवते, आत मऊ असेल तर पेपरखाली त्याच्या वळ्या होतात. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन द्या, एक आडवा एक उभा, जाड थराला वाळताना भेगा पडतात.

जेसोला पैसे नकोत म्हणून वॉल पुट्टी लावायचा सल्ला सर्रास दिला जातो. पुट्टी कडक आणि ठिसूळ, भिंतीवर ठीक, पण कॅनव्हासवर लावलीत तर पहिल्यांदा गुंडाळतानाच तडकेल. सुताराचा साधा पांढरा गोंद पाण्यात कालवून बेस म्हणून लावला तर तो पुन्हा ओला झाल्यावर मऊ पडतो, आणि वरून आपण पाण्याचाच रंग लावणार.

जुन्या ऑइल पेंटच्या पाटीवर किंवा डब्यावर रंगवायचं असेल तर आधी साबणाने तेलकटपणा काढा, मग चमक पूर्ण जाईपर्यंत घासा आणि मग प्रायमर. काच स्पिरिटने पुसा आणि नंतर बोटं लावू नका, तरी ती रोज धुवायची वस्तू समजू नका. तयार कॅनव्हास घेताना तो तेलरंगासाठी बनवलेला नाही ना एवढं विचारून घ्या. शंका आली तर पाण्याचा थेंब टाका, तो मण्यासारखा उभाच राहिला तर खाली तेल किंवा पॉलिश आहे.

मोठ्या ऑर्डरच्या आधी मी मागच्या बाजूला किंवा तळाला रुपयाएवढी जागा तशीच तयार करून रंगवते, दोन दिवस ठेवते, ब्लेडने बारीक जाळी कापून त्यावर टेप दाबते आणि झटकन ओढते. टेपला रंगाचे चौकोन आले तर सगळं काम थांबवून पुन्हा घासायला बसते, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.