राणीचे खूर : लॅमिनायटिसमधली छाटणी शिकणाऱ्यांसाठी

राणी ही ठेंगण्या जातीची, जेमतेम 31 इंच उंचीची घोडी. निपाणीजवळच्या एका मळ्यात नातवंडांसाठी आणलेली. डिसेंबरात, उसाचा हंगाम जोरात असताना मला फोन आला, "खूर लई वाढलेत, जरा कापून द्या की." गेलो तर घोडी पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी. वळवायला गेलं की जागची हलेना. पुढच्या खुरांना हात लावला तर गरम लागले. घोट्याखाली बोट ठेवलं, तर एरवी शोधावी लागते ती नाडी ठणठण उडत होती. या कामात नवीन असाल तर ही लक्षणं आधी पाठ करा. मालकाला वाढलेले खूर दिसतात, दुखणं तुम्हालाच ओळखायचंय.

खुराची भिंत आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारे बारीक पापुद्रे असतात. ते सुजले, सुटू लागले की हाडाचं टोक तळव्याकडं झुकतं. यालाच लॅमिनायटिस म्हणतात. बऱ्याचदा कारण पोटात असतं. आपल्या ऊसपट्ट्यात तर विचारायलाच नको : गोठ्यात वाडं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, घरात गूळ, वर भरडा. मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, वाडं तर आमची म्हसरंबी खातात की." म्हशीचं पोट रवंथ करणारं, घोड्याचं तसं नाही. त्यातून या ठेंगण्या जातीत साखरेनं रक्तातलं इन्सुलिन फार चढतं आणि त्यानं खूर बिघडतात.

मला हे काम शिकवलं ते सैन्यातून निवृत्त झालेल्या एका हवालदार काकांनी. मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंदी शिकून आलेले, आता चिकोडीकडं शेती बघतात. त्यांचं पहिलं वाक्य असायचं, "आधी तोंड धर, मग पाय धर. पण तोंड धर म्हंजे उपाशी मार नव्हं बाळा." हे फार महत्त्वाचं. छोट्या घोड्याला एकदम उपाशी ठेवलं तर रक्तात चरबी चढून जिवावर बेततं. राणीचं वाडं, गूळ, भरडा बंद केलं आणि वाळलं गवत तासभर गार पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन, वजन करून घालायला सांगितलं. भिजवल्यानं त्यातली बरीच साखर निघून जाते.

त्या दिवशी मी कानस पिशवीतून काढलीच नाही. दुखणं ताजं होतं. थर्माकोलचे दोन इंची तुकडे खुराच्या मापानं कापले, तळाला लावून कापडी चिकटपट्टीनं बांधले, खाली भाताच्या तुसाचा जाड थर केला. दुखणं थांबवायचं औषध डॉक्टरांनीच द्यायचं, तिथं आपण हात घालायचा नाही. एक्स-रेही त्यांनीच काढला. तळव्यातल्या रबरासारख्या त्रिकोणाच्या टोकाला टाचणी टेकवून आणि भिंतीवर तार चिकटवून काढलेला फोटो मागा. मग हाड नेमकं कुठं आहे ते कळतं आणि कानस अंदाजानं चालत नाही.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्याच वर्षी एका तट्टाचा तळवा "साफ" दिसावा म्हणून सुरीनं कोरला. दुसऱ्या दिवशी ते उठेना. त्याचे डोळे अजून आठवतात. मोठ्या घोड्याचा तळवा निरोगी असताना साधारण 15 मिलिमीटर जाड असतो, या छोट्यांचा त्याहून पातळ. त्यातले दोन मिलिमीटर गेले तरी फार गेले. त्रिकोणाच्या टोकापुढच्या तळव्याला सुरी लावूच नका.

राणीची पहिली छाटणी दोन आठवड्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. पाय बाजूला ओढू नका, उंच उचलू नका. आपणच पाटावर बसायचं आणि खूर गुडघ्यावर घ्यायचा. एक पाय उचलला की सगळा भार दुसऱ्या दुखऱ्या पायावर येतो, म्हणून त्याखाली रबरी चटई घालायची आणि मिनिटाभरानं पाय खाली ठेवू द्यायचा. टाच उंच वाढलेली असते. ती मागच्या अर्ध्या भागातच, थोडी थोडी उतरवायची. पुढं लांबलेला चवडा खालून कापायचा नाही. पुढच्या बाजूनं कानस तिरकी धरून मागं घ्यायचा, म्हणजे पाऊल उचलताना सुटलेल्या पापुद्र्यांवर ताण येत नाही. तळाशी भिंत आणि तळवा यांच्यामधली पांढरी रेषा बघा. राणीची ती रुंद, पिवळट आणि मधेच रक्ताळलेली होती.

पुढं दर तीन-चार आठवड्यांनी गेलो. खूर महिन्याला सहा ते दहा मिलिमीटर वाढतो, घाई करून हाती काही लागत नाही. दरवेळी एकाच बाजूनं, जमिनीलगत फोन धरून फोटो काढायचो. एप्रिलपासून केसांच्या कडेखाली नवी भिंत वेगळ्या कोनात उतरताना दिसू लागली : वर सरळ, खाली जुनी फाकलेली. गणपतीत गेलो तेव्हा ती नवी भिंत जमिनीला टेकत आली होती. मालकीणबाईंनी मोदकाचं ताट माझ्यापुढं ठेवलं आणि धाकट्या नातवाला दटावलं, "राणीला न्हाई हं द्यायचा." पोरानं भिजवलेल्या गवताची पेंडी उचलली, आणि घोडी त्याच्या मागं कडक फरशीवरून वळून चालत गेली.