दूषित जमिनीची गांडूळ-चाचणी: कुठली माती उचलायची, कुठली ठेवायची

मातीत शिसं किंवा क्रोमियम एकूण किती आहे, हे रासायनिक अहवाल सांगतो. त्यातलं जिवाला किती बाधतं, हे मात्र जिवंत प्राण्यावरच कळतं. पूर्ण भूखंड खणायला निघण्याआधी ही चाचणी कराच.

गांडूळखतासाठी पाळतात ती आयसेनिया फेटिडा घ्या. गळपट्टा (प्रौढ गांडुळाच्या अंगावरचा जाडसर पट्टा) आलेली, ३०० ते ६०० मिलिग्रॅमची. शेणातून काढून एक दिवस स्वच्छ मातीत ठेवा.

तुलनेची माती जवळच्याच स्वच्छ जागेतली, त्याच पोताची हवी. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. दूषित माती चिकण काळी आणि तुलनेला मुरमाड घेतली, तर गांडुळं विषाला नव्हे, पोताला टाळतात. दोन्हींचा सामू (आम्ल-विम्लता), क्षारता आणि ओल मोजा. मूठ आवळल्यावर पाण्याचे थेंब दिसावेत, पण गळू नयेत.

आधी ४८ तासांची चाचणी. डब्यात मधोमध पुठ्ठा लावून एका बाजूला दूषित, दुसऱ्या बाजूला स्वच्छ माती भरा. पुठ्ठा काढा, त्या रेषेवर १० गांडुळं सोडा, छिद्रांचं झाकण लावून डबा २० अंश सेल्सिअसला ठेवा. मुदत संपली की पुठ्ठा परत घालून मोजा. पुठ्ठ्याने कापलेलं गांडूळ दोन्हीकडे अर्धं अर्धं धरा. असे पाच डबे करा. ८० टक्क्यांहून जास्त गांडुळं स्वच्छ बाजूला गेली, तर ती माती त्यांना राहण्याजोगी नाही. दोन्हीकडे स्वच्छ माती भरलेले डबेही लावा. त्यांत गांडुळं एकाच बाजूला गोळा झाली तर मांडणीच चुकली आहे.

या चाचणीत नापास ठरलेल्या ठिकाणांच्या मातीची १४ दिवसांची चाचणी घ्या. दूषित माती स्वच्छ मातीत १००, ५०, २५, १२.५ आणि ० टक्के मिसळा. प्रत्येकी चार बरण्या, बरणीत ५०० ग्रॅम कोरडी माती आणि १० गांडुळं. उजेड सतत ठेवा, नाहीतर ती वर येऊन निसटतात. सातव्या आणि चौदाव्या दिवशी तोंडाकडे हलकेच टोचा. हललं नाही तर मेलेलं. ० टक्केच्या बरण्यांत १० टक्क्यांहून जास्त मेली तर चाचणी रद्द.

सगळी जगली म्हणून जमीन लगेच मोकळी करू नका. कमी मात्रेत गांडूळ जगतं, पण पिल्लं कमी होऊ शकतात. त्यासाठी ५६ दिवसांची प्रजनन-चाचणी लागते. तेलकट मातीवर जिवाणूंचे उपचार चालू असताना अर्धवट विघटनातून विषारीपणा मध्येच वाढूही शकतो, म्हणून तेलाचं प्रमाण घटलं एवढ्यावर काम थांबवू नका.