जिओकॅश लपवून झाला? आता या चुका टाळा

जुलैच्या शेवटी टेकडीवरचा माझा जिओकॅश, म्हणजे अक्षांश-रेखांश जाहीर करून इतरांनी शोधण्यासाठी लपवलेला डबा, उघडला तेव्हा आत दोन बोटं पाणी होतं. डबा बाहेरून धडधाकट, चारही क्लिप नीट लागलेल्या. शोधणारे नावं लिहितात ती वही, म्हणजे लॉगबुक, झिपच्या पिशवीत होतं, तर पिशवीतही पाणी. जेल पेनाने लिहिलेली नावं निळ्या डागांत विरघळून गेली होती. दोन वर्षांपूर्वी जर्मनीहून आलेल्या एका जोडप्याने आमच्या टेकडीचं छोटंसं चित्र त्यात काढलं होतं, तेही गेलं. इतक्या लांबून येऊन, उन्हातान्हात टेकडी चढून त्यांनी ठेवलेली आठवण मला सांभाळता आली नाही, याचं आजही वाईट वाटतं.

जीपीएसच्या मदतीने डबे शोधायचा हा खेळ सुरू झाला ३ मे २००० रोजी. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमधली मुद्दाम ठेवलेली चूक आदल्याच दिवशी काढून टाकली होती. अचूकता एकदम वाढली आणि डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिच्यात बीन्सचा एक टिनही होता. आज जागेच्या मालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणून डबा पुरायला मनाई आहे आणि खाण्याची वस्तू ठेवायलाही. मधल्या वर्षांत लोकांनी जे अनुभवलं त्यातूनच हे नियम आले.

डबा लपवायला एक रविवार पुरतो. पुढे तो जागेवर असेपर्यंत त्याचं जे काही होईल ते आपल्या अंगावर असतं. माझ्या आणि ओळखीतल्या लपवणाऱ्यांच्या हातून झालेल्या चुका सांगतो.

“लॉकवाला डबा आहे, पाणी कसं शिरेल?”

आपल्याकडचे डबे सगळ्यात जास्त मरतात ते याच समजुतीने. त्या दिवशी झाकण उजेडात धरून पाहिलं, तर रबराच्या रिंगवर एका कोपऱ्यात बारीक आडवी रेघ उमटलेली. शेवटी आलेल्या माणसाने झाकण लावताना झिपच्या पिशवीचं टोक मध्ये अडकलं होतं. एवढीशी सुरकुती, पण पाण्याला तेवढी वाट पुरे. गवताची काडी किंवा मातीचा कण अडकला तरी तेच होतं. कुकरच्या रिंगला भाताचं शीत चिकटलं की बाजूने वाफ जाते, तसंच हे.

आणि पाणी नुसतं झिरपत नाही, ते आत ओढलं जातं. ऊन पडलं की डबा तापतो, आतली हवा फुगते आणि थोडी बाहेर निसटते. मग सर येते, डबा गार होतो, आतला दाब कमी होतो आणि झाकणाच्या कडेला साचलेलं पाणी आत शोषलं जातं. श्रावणात असं दिवसातून कितीदा होत असेल, विचार करा.

म्हणून डबा सावलीत हवा, आणि झाकणावर पाणी साचणार नाही अशा बेताने थोडा कलता. आतली पिशवी डब्यापेक्षा बरीच लहान घ्या, म्हणजे तिचं टोक झाकणापर्यंत पोचणारच नाही. नुसती बादलीत बुडवून घेतलेली परीक्षा पुरी पडत नाही. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवा, डबा तासभर कडक उन्हात तापू द्या आणि मग गार पाण्याच्या बादलीत वर दगड ठेवून रात्रभर बुडवा. सकाळी टिश्यू कोरडा निघाला तर तो डबा सह्याद्रीत न्यायच्या लायकीचा.

फिल्म रोलच्या जुन्या डब्या मात्र आपल्या पावसात टिकत नाहीत, कितीही जपल्या तरी. छोटा जिओकॅश हवा असेल तर शीतपेयाची बाटली फुगवण्याआधीची ती जाड नळी, पीईटी प्रीफॉर्म, मिळवा. तिचं फिरकीचं झाकण वर्षानुवर्षं दगा देत नाही.

पेन ठेवू नका, पेन्सिल ठेवा. भिजली तरी पेन्सिलची अक्षरं पसरत नाहीत. वह्यांऐवजी मी आता आर्किटेक्ट लोक ड्रॉइंगला वापरायचे ती मॅट फिल्म कापून वापरतो. तिच्यावर पेन्सिल उमटते आणि पाण्यात पडली तरी फिल्मचा लगदा होत नाही. सिलिका जेलच्या पुड्यांवर विसंबू नका. त्या हवेतला ओलावा थोडा पितात, डब्यात आलेल्या पाण्यापुढे त्यांचं काही चालत नाही.

कोणी काही लिहीत नाही, म्हणजे सगळं ठीक

युरोपातल्या एखाद्या शहरात डब्यावर दर आठवड्याला कोणी ना कोणी येतं, आणि काही बिघडलं तर डबा लपवणाऱ्या मालकाला लगेच कळतं. आपल्याकडे डबे विरळ आणि शोधणारेही विरळ. संकेतस्थळावरच्या डब्याच्या पानावर वर्ष-वर्ष एकही नोंद होत नाही. त्या शांततेचा अर्थ डबा सुखरूप आहे असा धरू नका. तिचा अर्थ एवढाच की कोणी पाहिलेलं नाही.

मग कामानिमित्त आलेला एखादा परदेशी पाहुणा सुट्टीचा एकच दिवस काढून तिथे जातो, दीड तास शोधतो आणि ‘सापडला नाही’ अशी नोंद करून परत जातो. या डीएनएफकडे (‘डिड नॉट फाइंड’) दुर्लक्ष करणं ही दुसरी मोठी चूक. डबा सोपा असेल, म्हणजे काठिण्य पाचपैकी दीड-दोनच्या आसपास, आणि अनुभवी माणसाला मिळाला नसेल, तर मी दुसऱ्या डीएनएफची वाट पाहत नाही. साडेचारच्या अवघड डब्याला दोन-तीन डीएनएफ शोभतात. तिथे थोडी सबुरी चालेल.

‘गेल्या वर्षी मी स्वतः पाहिला होता, नीट शोधा’ असं उत्तर घरबसल्या लिहू नका. आधी जाऊन या. न जाता ‘ओनर मेंटेनन्स’ची, म्हणजे मालकाने डबा तपासल्याची, नोंद टाकणं तर सरळसरळ फसवणूक आहे. पुढचा माणूस त्या नोंदीवर भरवसा ठेवून घरातून निघतो. याच्या उलटही घडतं. मालक जाऊन डबा दुरुस्त करतो, पण ती नोंद टाकायला विसरतो. मग ‘मालकाने लक्ष द्यावं’ची खूण पानावर तशीच राहते आणि चांगला डबा लोक टाळतात.

कधी कोणी प्रेमाने लिहितं, ‘मिळाला नाही, म्हणून मी नवीन ठेवून आलो.’ हेतू चांगला असतो, पण बहुतेकदा मूळ डबा जागेवरच असतो आणि मग एका जिओकॅशचे दोन होतात. आभार माना, लगेच जा आणि एक उचलून आणा.

माझा नेम तीन फेऱ्यांचा. मेच्या अखेरीस, वळवाच्या पावसानंतर पहिली. ऑगस्टमधल्या उघडिपीत दुसरी. ऑक्टोबरात गवत पिवळं पडायला लागलं की तिसरी.

जागा चार हात बदलली, आकडे तेच राहिले

आधीचा कोनाडा पाण्याने भरत होता म्हणून डबा पलीकडच्या खडकात सरकवला, पण पानावरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे बदलायचे राहिले. हे नेहमी होतं. १६१ मीटरपर्यंतचा बदल मालक स्वतः करू शकतो. त्याहून जास्त असेल तर रिव्ह्यूअरला, म्हणजे संकेतस्थळासाठी डबे तपासणाऱ्या स्वयंसेवकाला, सांगावं लागतं.

आकडे बदलतानाच एक घोटाळा होतो. फोनवरचा नकाशा बहुधा दशांश अंश देतो, जसं १८.५१२३. जिओकॅशच्या पानावर अंश आणि दशांश मिनिटं लागतात. दशांशाचा भाग ६०ने गुणायचा, म्हणजे हे झालं १८ अंश ३०.७३८ मिनिटं. घाईत कोणी १८ अंश ५१.२३ लिहिलं, तर डबा जवळपास ३८ किलोमीटर उत्तरेला गेला. पुण्यातला डबा थेट खेडच्या अक्षांशावर! मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जमिनीवर साधारण १.८ मीटर, त्यामुळे तिसरा दशांशही गाळू नका. कड्याच्या पोटात किंवा दाट झाडीत फोन भरकटतो. दोन वेगळ्या दिवशी पाच-सहा वेळा मोजून सरासरी घ्या.

आकड्यांबरोबर हिंटही तपासा. ‘चुना फासलेला दगड’ एका पावसाळ्यात काळा होतो. ‘वाळलेल्या पळसाच्या बुंध्याशी’ लिहिलं होतं आणि पळस कोणीतरी सरपणाला नेला, असं माझ्याच एका डब्याचं झालं. पानावर मात्र तो पळस पुढे आठ महिने उभा होता.

आजूबाजूच्या माणसांना विसरणं

या खेळात न खेळणाऱ्यांना ‘मगल’ म्हणतात आणि त्यांच्यापासून डबा लपवायचा असतो. हे मला आपल्याकडे पुरतं पटत नाही. आपली टेकडी रिकामी कधीच नसते. सकाळी फिरायला येणारे असतात, गुराखी असतात, मोहाची फुलं किंवा काटक्या वेचणाऱ्या बायका असतात. त्यांच्या नजरेतून काहीही सुटत नाही. माझा पहिला डबा जाड पत्र्याचा, चांगला भक्कम होता. तो महिन्याभरात भंगारात गेला. नेणाऱ्याची काय चूक? झुडपात पडलेला पत्रा त्याच्या पोटापाण्याचा होता.

दुसऱ्या वेळी तिथे शेळ्या चारणाऱ्या बाबांशी बोललो. डबा उघडून दाखवला, आतली नावं वाचून दाखवली. ते म्हणाले, “म्हंजी लोकं लांबून येतात आन् नुसतं नाव लिवून जातात? बरं हाय की.” तेव्हापासून त्या डब्याचे खरे राखणदार तेच. एकदा माकडांनी डबा ओढून खाली टाकला, तर बाबांनी तो उचलून दगडाआड ठेवला आणि मी गेल्यावर जागा दाखवली.

डब्यावरची चिठ्ठी बहुधा फक्त इंग्रजीत असते. ती मराठीतही लिहा: ‘हा खेळाचा डबा आहे. यात धोका काही नाही. पाहून झाल्यावर कृपया होता तिथेच ठेवा.’ खाली फोन नंबर.

हे जीव तोडून सांगण्याचं कारण आहे. रेल्वे स्टेशनवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ ही सूचना ऐकत आपण मोठे झालो, आणि अशा सूचना उगाच केल्या जात नाहीत. इंग्लंडमधल्या वेदरबी गावात २०११ साली एका कॅफेबाहेरचा जिओकॅश संशयास्पद वाटला, रस्ता रिकामा केला गेला आणि बॉम्बशोधक पथकाने तो डबा उडवला. काळी टेप गुंडाळलेला डबा किंवा दोन्ही तोंडं बंद केलेला पीव्हीसी पाइप लोकवस्तीत कधीच ठेवू नका. पूल, स्टेशन, देवळाचं आवार, लष्कराच्या भिंतीजवळची जागा सोडूनच द्या. जमीन वनखात्याची असो की कोणाची खाजगी, परवानगी आधी. जागेचा मालक बदलला तर ती पुन्हा घ्यायची.

किल्ल्याच्या बांधकामात तर नकोच नको. शोधणारा प्रत्येक जण दगड हलवून पाहतो, आणि शिवकाळातल्या चिऱ्याला तो धक्का परवडत नाही. अशा जागी, किंवा निघोजच्या रांजणखळग्यांसारख्या ठिकाणी, ज्यात डबाच नसतो तो अर्थकॅश करा. तिथे निरीक्षणाच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात, त्यामुळे भिजायला काही नसतं आणि चोरीला जायलाही.

जागा जिवंत असते

मेमध्ये उघडी दिसणारी वाट सप्टेंबरात कमरेएवढ्या गवतात आणि घाणेरीत हरवते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवे लागतात. प्लास्टिक वितळून खडकाला चिकटलं असेल तर खरवडून आणायचं काम आपलंच.

सगळ्यात जपायचं ते शोधणाऱ्याच्या हाताला. दगडाखाली फुरसं असू शकतं, विंचू असू शकतो. आत दिसत नाही अशा बिळात हात घालावा लागेल अशी जागा असेल, तर पुढच्याच फेरीत ती बदला. कड्याला आग्या मोहोळ बसलं तर डबा त्याच दिवशी ‘तात्पुरता बंद’ करा आणि पोळं जाईपर्यंत उघडू नका.

आतल्या वस्तूंचंही थोडं. चॉकलेट, बडीशेप, वासाचं खोडरबर, उदबत्ती यांतलं काहीही दिसलं तर काढून टाका. मुंग्या आणि माकडं वासावर येतात. पानावर जे ट्रॅव्हल बग, म्हणजे डब्यातून डब्यात प्रवास करणाऱ्या क्रमांकाच्या वस्तू, डब्यात असल्याचं दिसतं, ते खरोखर आहेत का मोजा. नसतील तर हरवल्याची नोंद करा, नाहीतर त्यासाठीच कोणीतरी मुद्दाम येतं आणि हिरमुसून जातं.

दिवाळीत गावी लपवला आणि परत गेलो

मुंबईत राहून कोकणातल्या घरामागे, किंवा अमेरिकेतून सुट्टीला येऊन आजोळच्या गावी डबा लपवावासा वाटतो, हे मी समजू शकतो. आपलं गाव जगाच्या नकाशावर दाखवायची ती इच्छा खरी असते. पण डबा नोंदवताना देखभाल कोण करणार हे सांगावं लागतं, आणि ‘पुढच्या दिवाळीत येईन’ हे उत्तर चालत नाही. आधी गावातला भाचा, मित्र किंवा शाळेतले गुरुजी तयार करा. त्यांना सुटी पेन्सिल, जादा लॉगशीट आणि एक राखीव डबा देऊन ठेवा. पुढे तुमचं जाणं-येणं थांबलं तर डबा रीतसर त्यांच्या नावावर करता येतो. संकेतस्थळावर दत्तक देण्याची सोय आहे.

बंद करायला लाजणं

डबा गेला आहे, पण महिनाभर सवड नाही. अशा वेळी तो ‘तात्पुरता बंद’ करा आणि कधी जाणार ते लिहा. साधारण चार आठवडे ही मुदत धरली जाते. जास्त लागणार असतील तर तेही लिहा. दरड कोसळून वाट बंद आहे हे कळलं तर रिव्ह्यूअर समजून घेतात. काहीच न कळवणाऱ्याचा डबा मात्र ते कायमचा बंद करतात, आणि देखभालीअभावी बंद झालेला डबा सहसा पुन्हा उघडून मिळत नाही.

आता होत नाही असं वाटलं तर डबा स्वतःहून आर्काइव्ह, म्हणजे कायमचा बंद, करा. पण पानावरचं बटण दाबून काम संपत नाही, टेकडीवर जाऊन डबा उचलावा लागतो. मी गेल्या ऑक्टोबरात एक बंद केला, तेव्हा डबा तर आणलाच, शिवाय फांदीला बांधलेली तार सोडवली. तिने सालीत वळ पाडला होता. बाबांना सांगितलं की आता इथे कोणी शोधायला येणार नाही. आले तर माझा फोन द्या, मी त्यांना पलीकडच्या डब्याकडे घेऊन जाईन.