हिवाळ्यातली उष्णकटिबंधीय क्रूझ: हवेचा अंदाज कसा घ्यावा आणि बॅग कशी भरावी

क्रूझच्या जाहिरातीत समुद्र निळा असतो, आकाश त्याहून निळं असतं आणि डेकवर उभ्या असलेल्या बाईच्या डोक्यावरची मोठी गवती हॅट जागची हलत नाही. त्यातली सगळ्यात मोठी थाप ती हॅट. डिसेंबर ते मार्चमध्ये उष्ण कटिबंधात ऊन बहुतेक मिळतंच, लोक फसतात ते वाऱ्यामुळे. म्हणून बॅग भरताना तापमानाचा आकडा नंतर बघा. आधी जहाज कुठून निघतं आणि कोणत्या दिशेने जातं ते बघा.

१. नकाशा उघडा आणि अक्षांश बघा

कॅरिबियन म्हटलं की सगळं एकसारखं वाटतं, पण तसं नाही. बहामाजची राजधानी नासाऊ २५ अंश उत्तरेला आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्याही वर. तिथे जानेवारीत दिवसा साधारण २५ अंश सेल्सियस आणि रात्री १७-१८ अंश असतं. बार्बाडोस आणि अरुबा १२-१३ अंशांवर आहेत. तिथे दिवसा २८ ते ३० अंश, आणि रात्रीही पारा सहसा २२-२३ च्या खाली जात नाही. पाण्यातही तोच फरक. बहामाजचा समुद्र जानेवारी-फेब्रुवारीत २३-२४ अंशांवर येतो आणि पाय घालताच अंग शहारतं. दक्षिणेकडच्या बेटांपाशी पाणी २६-२७ अंश असतं.

उत्तरेकडच्या मार्गावर आणखी एक भानगड आहे. उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे पट्टे खाली सरकतात आणि फ्लोरिडा, बहामाज, क्युबा, मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पापर्यंत पोचतात. पट्टा येण्याआधी हवा दमट आणि उबदार असते, मग एखादी जोरदार सर येते, वारा फिरून उत्तरेकडून वाहू लागतो आणि काही तासांत पारा ८-१० अंशांनी उतरतो. हे सहसा दोन-तीन दिवस टिकतं. १९ जानेवारी १९७७ ला तर मायामीत आणि बहामाजमधल्या ग्रँड बहामा बेटावर हिमकण पडताना दिसले होते. तेवढं पुन्हा होईल असं धरून चालू नका, पण मायामी, बहामाज किंवा मेक्सिकोचं कोझुमेल बेट मार्गावर असेल तर एक गरम कपडा हवाच. पोर्टो रिकोतल्या सान हुआनच्या दक्षिणेला राहणार असाल तर त्याची गरज फक्त एसीपुरती.

बाकीच्या मार्गांचं थोडक्यात: मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर काबो सान लुकासला दिवस छान उबदार असतो, रात्री पारा १३-१४ पर्यंत उतरतो. जहाज लॉस एंजेलिसहून निघत असेल तर पहिला आणि शेवटचा दिवस चक्क थंड. हवाईत नोव्हेंबर ते मार्च हा पावसाचा काळ असतो. सिंगापूरला ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे डिसेंबर ओला, तर त्याच वेळी फुकेत कोरडं. व्हिएतनामच्या हालाँग उपसागरात जानेवारी-फेब्रुवारीत धुकं आणि १५-२० अंशांचा गारठा असतो. फिजी, मॉरिशसकडे तेव्हा उन्हाळा आणि चक्रीवादळांचा मोसम. अटलांटिकमधला वादळांचा मोसम मात्र ३० नोव्हेंबरला संपलेला असतो, त्यामुळे कॅरिबियनमध्ये ती धास्ती नको.

२. डेकवरच्या वाऱ्याचा हिशेब करा

कॅरिबियनमध्ये वर्षभर पूर्वेकडून, ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत ते आणखी जोर धरतात. पूर्वेकडच्या बेटांवर त्यांना ‘ख्रिसमस विंड्स’च म्हणतात.

समजा वारा १८ नॉटचा आहे आणि जहाजही १८ नॉटने चाललं आहे. जहाज वाऱ्यासमोर असेल तर वरच्या डेकवर ३६ नॉटचा, म्हणजे ताशी ६५ किलोमीटरहून जास्त वेगाचा झोत अंगावर येतो. तेच जहाज वाऱ्याच्या दिशेने निघालं तर डेकवर पानही हलणार नाही आणि घामाच्या धारा लागतील. दिवस, तापमान, जहाज सगळं तेच. म्हणून मायामीहून पूर्वेकडच्या सेंट मार्टिन बेटाकडे जाताना पहिले दोन दिवस बोचरे वाटतात आणि परतीचे दिवस भट्टीसारखे. जाताना विंडचीटर वर ठेवा, येताना सनस्क्रीन.

याचे किरकोळ परिणामही लक्षात घ्या. पोहून वर आलेला माणूस २६ अंशांतही कुडकुडतो, कारण वारा अंगावरचं पाणी झपाट्याने उडवतो. बाल्कनीचं दार उघडं असताना केबिनचं दार उघडलं की आरपार झोत येतो आणि जड दार धाडकन आपटतं. बोटं चेमटतात ती इथेच. आधी बाल्कनी बंद, मग केबिनचं दार. बाल्कनीच्या कठड्यावर ओला टॉवेल वाळत घातला तर तो समुद्राला अर्पण झाला असं समजा.

लाटांची खास ठिकाणंही आहेत. अरुबाहून पनामा कालव्याकडे जाताना कोलंबियाच्या किनाऱ्यासमोर हिवाळ्यात समुद्र हमखास खवळलेला असतो. मेक्सिकोच्या पॅसिफिक बाजूला तेवान्तेपेकच्या आखातात डोंगरांमधल्या खिंडीतून उत्तरेचा वारा वादळाच्या वेगाने घुसतो. ग्रँड केमन बेटावर मोठ्या जहाजांसाठी धक्काच नाही, लहान टेंडर बोटीने उतरावं लागतं. वायव्येकडून लाटा आल्या की उतरण्याची जागा दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्सला हलवतात, नाहीतर तो थांबाच रद्द होतो. अशा बंदरावरची सहल ठरवताना पैसे परत मिळण्याची अट वाचून घ्या.

३. अंदाज कधी आणि कोणता बघावा

दहा दिवस आधीचा अंदाज करमणूक म्हणून बघायला हरकत नाही. बॅग बंद करायच्या तीन दिवस आधीचा अंदाज कामाचा. फोनमधल्या अ‍ॅपवर दर बेटापुढे रोज ढग आणि पावसाचं चिन्ह दिसेल. घाबरू नका. हिवाळ्यातली सर बहुतेकदा दहा-वीस मिनिटांची असते आणि पुन्हा ऊन पडतं. बेट डोंगराळ असेल तर वाऱ्यासमोरच्या उतारावर पाऊस जास्त. डॉमिनिकाच्या किंवा पोर्टो रिकोतल्या अल युंकेच्या जंगलात भिजणं ठरलेलंच. चिन्हापेक्षा वाऱ्याचा वेग आणि लाटांची उंची बघा. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर कॅरिबियनसाठी समुद्राचा अंदाज वर्षभर देतं, तो वाचायची सवय लावून घ्या.

४. कपडे: सात रात्रींसाठी

पोहण्याचे कपडे दोन किंवा तीन जोड घ्या. एका जोडावर भागवणाऱ्याला दुसऱ्या सकाळी ओलाच घालावा लागतो, कारण दमट हवेत आणि बंद केबिनमध्ये कपडा रात्रीतून वाळत नाही. न्हाणीघरात सहसा ओढून काढायची दोरी असते. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, त्यावर चार-पाच चुंबकी हूक लावले की जागाच जागा. कपडा आधी टॉवेलात गुंडाळून पिळा, मग टांगा.

दिवसासाठी पाच-सहा हलके सुती किंवा लिननचे कपडे, त्यातला एक लांब बाह्यांचा. संध्याकाळी जेवायला फुल पँट किंवा त्या तोलाचे तीन पोशाख पुरे. एक हलका स्वेटर किंवा शाल हवी, कारण नाट्यगृहात आणि जेवणघरात एसी असा असतो की बाहेर घाम गाळून आलेले लोक आत हात चोळत बसतात. विंडचीटर पातळ, टोपी असलेला आणि पाणी न शोषणारा घ्या. जाड सुती हुडी नको, एकदा खारट तुषारांनी ओली झाली की प्रवासभर चिकट राहते. छत्री घरीच ठेवा, वाऱ्यात उलटते.

हॅटला हनुवटीखाली दोरी हवी. पायात रबरी तळाचे, मागे पट्टा असलेले सँडल, कारण ओल्या डेकवर साधी चप्पल घसरते. लष्करी छापाचा, हिरवा-खाकी ठिपक्यांचा कुठलाही कपडा घेऊ नका. बार्बाडोस, जमैका, सेंट लुसिया इथे सामान्य माणसाने तो घालणं कायद्याने गुन्हा आहे, मुलांची टोपीसुद्धा.

५. ऊन

वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही, म्हणून हिवाळ्यात लोक जास्त भाजून निघतात. नीट लावायचं तर एका मोठ्या माणसाला अंगभर सुमारे ३० मिली सनस्क्रीन लागतं आणि दर दोन तासांनी पुन्हा. किनाऱ्यावरचे चार दिवस, रोज दोनदा असा हिशेब केला तर माणशी २४० मिली. चौघांच्या कुटुंबाने एकच बाटली नेली तर ती पहिल्याच दिवशी संपते. हवाईत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीला बंदी आहे, अमेरिकन व्हर्जिन बेटांवरही ही रसायनं चालत नाहीत. झिंक ऑक्साइडचं घेतलं की प्रश्न मिटला. ते पांढरं दिसतं, दिसू द्या.

६. मळमळ आणि कॅमेरा

समुद्र लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, जहाज खुल्या समुद्रात शिरण्याच्या तासभर आधी घ्या. कानामागे लावायची पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने, किमान चार तास आधी लावावी, ती तीन दिवस चालते. केबिन जहाजाच्या मधल्या भागात, खालच्या मजल्यावर असेल तर हेलकावे कमी.

गार केबिनमधून दमट डेकवर कॅमेरा नेला की भिंगावर वाफ धरते. पुसू नका, पुन्हा धरते. केबिनमध्ये असतानाच तो झिप-लॉक पिशवीत बंद करा, बाहेर नेऊन अर्धा तास तसाच ठेवा आणि मग काढा.

७. हातातली बॅग

मोठ्या बॅगा जहाजावर चढवल्यावर केबिनपाशी यायला संध्याकाळ होते. औषधं, पोहण्याचा एक जोड, सनस्क्रीन आणि विंडचीटर हातातच ठेवा. इस्त्री आणि सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत सापडला तर जप्त होतो.

उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि सकाळी त्या थेट बंदरावर मिळतात. उत्साहाच्या भरात सगळंच आत भरलं तर सकाळी अंगावर रात्रीचे कपडे आणि पायात काहीच नाही अशी फजिती होते. पूर्ण पोशाख, बूट आणि गरम कपडा बाहेर ठेवा. अरुबाहून आलात तरी उतरायचं मायामीत आहे, आणि तिथे त्या पहाटे थंड हवेचा पट्टा येऊन थांबलेला असू शकतो.