मल्टिपाथमध्ये एरर आली की लगेच डिस्क ओढू नका, या चुका टाळा

लातूर असो की जालना, एमआयडीसीतल्या सर्व्हर रूममधून फोन येतो तो एकच, "सर, डिस्क गेली वाटायलीय, नवीन मागवू का?" थांबा जरा. मल्टिपाथमध्ये एकच लन (स्टोरेजनं सर्व्हरला दिलेली डिस्क) सर्व्हरला दोन-चार रस्त्यांनी म्हणजे पाथांनी दिसतो, एसडीबी, एसडीएफ अशी नावं वेगळी पण माल एकच, म्हणून एसडीएफवर आय-ओ एरर आली म्हणजे डिस्क मेलीच असं नसतंय, बऱ्याचदा नुसता रस्ता बंद पडलेला असतो. आणि चांगली डिस्क ओढली की रेड (डिस्क गेली तरी डेटा सांभाळणारा डिस्कांचा गट) डिग्रेड, मग रिबिल्डचा ताप वेगळाच.

आधी 'मल्टिपाथ -एलएल' (multipath -ll) ही कमांड मारा आणि फेल्ड पाथ वहीत लिहून काढा. ओळीत २:०:१:५ असं काहीतरी दिसतं, पहिला आकडा होस्टचा म्हणजे एचबीए (सर्व्हरमधलं स्टोरेजला जोडणारं कार्ड) पोर्टचा, तिसरा टार्गेटचा म्हणजे स्टोरेजकडच्या पोर्टचा, शेवटचा लनचा. सगळे फेल्ड एकाच होस्टचे असले तर केबल, एसएफपी (केबल बसते ते मॉड्यूल) नाहीतर एचबीए बघा. होस्ट वेगवेगळे पण सगळे स्टोरेजच्या एकाच कंट्रोलरकडं जाणारे, तर कंट्रोलर बघा. एकच लन सगळ्या रस्त्यांवर रडायला लागला तरच ऍरेच्या म्हणजे स्टोरेजच्या पेटीतल्या डिस्ककडं वळा. आणि हो, आलुआ (ALUA, एका कंट्रोलरचे रस्ते आधी वापरायची पद्धत) असलं की एक ग्रुप ॲक्टिव्ह आणि दुसरा एनेबल्ड दिसणारच, तो फॉल्ट नाही, उगी घाबरू नका.

केबल संशयित असली तर टोक फायबर क्लीनरनं पुसा, तोंडानं फुंकर मारू नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात धूळ आधीच रग्गड आहे त्यात थुंकी कशाला. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग सीआरसीचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) काउंटर वाढतोय का बघा.

एफएसटॅबमध्ये (/etc/fstab, बूटवेळी डिस्क जोडायची यादी) एसडीबी लिहू नका, रीबूटनंतर नाव बदलू शकतं, मॅपरचं नाव (/dev/mapper मधलं) नाहीतर यूयूआयडी म्हणजे फाइलसिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक द्या.

मल्टिपाथच्या सेटिंगमध्ये नो पाथ रिट्राय (no_path_retry, सगळे रस्ते गेल्यावर काय करायचं ते) 'क्यू' ठेवलं आणि सगळे पाथ गेले की आय-ओ वाट बघत बसतो, डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांडसुद्धा लटकते, किल -९ नं पण प्रोसेस मरत नाही. क्लस्टर (एकमेकांची जागा घेणारे सर्व्हर) असेल तर 'फेल' बरं.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे एका बाजूचे पाथ आधीच मेलेले असताना फर्मवेअर टाकायला दुसरा कंट्रोलर रीबूट करणं. रीबूटच्या आधी प्रत्येक सर्व्हरवर पाथ मोजा, एक जरी कमी भरला तरी कंट्रोलरला हात लावू नका, मॅनेजर कितीही घाई करू दे.